तुम्ही विचारलंत म्हणून : जुन्या इमारतींतल्या स्वस्त हॉटेलांबद्दल

"पैसे आहेत, मग असल्या ठिकाणी कशाला उतरतेस?" नातेवाईक विचारतात, ऑफिसातले विचारतात, आणि खोलीचा फोटो पाठवला की न विचारणारेही विचारतात. असल्या ठिकाणी म्हणजे जुना तुरुंग, बराक, मठ, कुणा श्रीमंताचं घर अशा वास्तूत काढलेलं स्वस्त हॉटेल. पाठोपाठ दोन प्रश्न ठरलेले असतात: भूत दिसलं का, आणि बाथरूम धड होती का. भूत दिसलं नाही. बाथरूमचं जरा सविस्तर सांगावं लागेल.

या इमारती बांधल्या तेव्हा खोलीगणिक बाथरूम नव्हती. नंतर घालायची तर सांडपाण्याच्या पाइपाला उतार लागतो, आणि जुनी फरशी फोडायला एक तर परवानगी नसते किंवा पैसे नसतात. मग पाइप फरशीवरूनच नेतात आणि त्यावर ओटा बांधतात. म्हणून बाथरूममध्ये पायरी चढून जावं लागतं आणि रात्री झोपेत उतरताना अंगठा ठेचतो. वायफाय खोलीत येत नाही, कारण दोन-अडीच फुटी दगडी भिंत त्याला आत येऊ देत नाही. खिडकीतून गार वारा येतो, कारण संरक्षित इमारतीच्या दर्शनी खिडक्या मनाला येईल तशा बदलता येत नाहीत. दारं रात्रभर धाडधाड वाजतात, कारण आगीच्या नियमांसाठी ती जड आणि आपोआप मिटणारी करावी लागतात. आणि ज्या ओलीच्या वासाला तुम्ही सगळे नाकं मुरडता, ती ओल बरेचदा जुनेपणाची नसते. चुन्याची भिंत ओल शोषते आणि बाहेर टाकते. तिच्यावर कुणीतरी स्वस्तात सिमेंटचा गिलावा किंवा प्लॅस्टिक पेंट चढवला की ओल आत कोंडते आणि पोपडे सुटतात. दोष नव्या डब्याचा असतो, नाव जुन्या भिंतीचं जातं.

झालं समाधान? होत नाही, मला माहीत आहे. कारण गैरसोयीची कारणं सांगितली म्हणून गैरसोय कमी होत नाही.

पूर्वी मी या प्रश्नाला फार भारी उत्तर द्यायचे. "मला इतिहासात झोपायला आवडतं" वगैरे. आता ते आठवलं की हसू येतं. झोपतो आपण गादीवरच, आणि ती बहुधा वाईट असते. आता माझं उत्तर साधं आहे. महागड्या हॉटेलांकडे जुनं झाकायला पैसे असतात. स्वस्त हॉटेलांकडे नसतात, त्यामुळे बुजवलेलं दार बुजवलेलंच दिसतं, भिंतीत गजांची भोकं तशीच राहतात, जिन्याची पायरी जिथे झिजली आहे तिथेच तुमचाही पाय पडतो. मला ते बघायचं असतं. आणि हो, फोटो चांगले येतात, तेही खरं.

तुरुंगावरून तर मला फारच ऐकवलं जातं. "जिथे माणसं फासावर गेली तिथे पैसे देऊन झोपायचं?" कॅनडात ऑटावाला जुना तुरुंग 1972 साली बंद झाला आणि पुढच्याच वर्षी तिथे प्रवाशांसाठी स्वस्त वसतिगृह सुरू झालं. कोठड्या अशा अरुंद की हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतात. 1869 साली याच तुरुंगात पॅट्रिक व्हेलनला एका खासदाराच्या खुनाबद्दल फाशी झाली होती, आणि फाशीची जागा वसतिगृहातही दाखवत असत. हे ऐकून अंगावर काटा येतो म्हणणारे बरोबरच आहेत. पण स्लोव्हेनियाच्या राजधानीचं, ल्युब्लियानाचं बघा. तिथल्या बराकी युगोस्लाव्ह सैन्य 1991 साली गेल्यावर रिकाम्या पडल्या आणि 1993 साली पाडायलाही घेतल्या होत्या. लोक आत घुसून बसले म्हणून वाचल्या. त्यातल्या लष्करी तुरुंगाच्या कोठड्या कलाकारांनी एकेक करून सजवल्या आणि 2003 साली तिथे हॉस्टेल उघडलं. तिथे कुणी झोपलं नसतं, तर आज बहुधा पार्किंग असतं. तरीही कैद्याचा पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घालून गजांमागे फोटो काढणारे दिसले की मी तुमच्या बाजूला येते. तेवढ्यापुरती.

आणि हे फॅड आजचं नाही. युवा वसतिगृहांची कल्पना रिचर्ड शिरमान या जर्मन शिक्षकाला सुचली 1909 साली, आणि पहिलं महायुद्ध सुरू होण्याआधी त्यांचं कायमचं वसतिगृह थाटलं गेलं ते जर्मनीतल्या आल्टेना गावच्या जुन्या किल्ल्यातच. जुन्या वास्तूला माणसं हवी असतात आणि कमी पैशातल्या प्रवाशाला छप्पर.

आता ताईचं सांगते. तुमच्यातल्या काहींनी तिच्याकडून ऐकलंच आहे, आणि तिच्या सांगण्यात मी फारच वाईट दिसते.

ते एका व्यापाऱ्याचं जुनं घर होतं. गावाचं आणि हॉटेलाचं नाव सांगत नाही. वरच्या मजल्यावरचा दिवाणखाना जिप्सम बोर्डाची पार्टिशनं घालून खोल्यांमध्ये तोडला होता. छताच्या मधोमध गिलाव्यात घडवलेलं मोठं फूल होतं, झुंबर टांगायचं. आमच्या वाट्याला त्याच्या अर्ध्या पाकळ्या आल्या होत्या, बाकीच्या शेजारच्या खोलीत. पाकळ्यांच्या उंचसखल कडांपाशी बोर्ड बसत नव्हता, म्हणून फटीत पांढरं सीलंट भरलं होतं आणि त्यात भरणाऱ्याच्या बोटांचे ठसे तसेच वाळले होते. मी पलंगावर उताणी पडून त्याचे फोटो काढत होते. लिफ्ट नव्हती. ताई बॅग घेऊन सगळे जिने चढून आली होती आणि गुडघा चोळत बसली होती.

"छान आहे ना?" मी म्हटलं.

"काय छान आहे? कापलंय ते." आणि मग, आवाज अजिबात न चढवता, "आपलं घर पाडायच्या कागदावर पहिली सही तुझी होती. आता लोकांच्या छताचे फोटो काढ."

मी नेहमीचंच बोलले. वासे वाळवीने खाल्ले होते, पावसाळ्यात माडीवर पाऊल टाकायची सोय नव्हती, आणि राहणार कोण होतं? तू राहणार होतीस?

"नव्हतेच राहणार. पण मी अशी परक्या भिंतींना हात लावत हिंडतही नाही."

यावर आम्ही दोघी तावातावाने बोलायला लागलो तेव्हा पलीकडून कुणीतरी पार्टिशनवर टकटक केली. त्या माणसाला आमची भाषा कळत नव्हती, भांडण मात्र कळलं असणार. मग आम्ही कुजबुजत भांडलो. ते जास्त लागतं. "मी फक्त वर्षभर थांब म्हणाले होते," ती म्हणाली, आणि याचं उत्तर माझ्याकडे तेव्हाही नव्हतं आणि आजही नाही. बिल्डर थांबला नसता, हे उत्तर नव्हे, ही सबब आहे, असं ती म्हणते. मला ते उत्तर वाटतं.

सकाळी ती स्टेशनजवळच्या नव्या, लिफ्टच्या हॉटेलात गेली. मी तिथेच राहिले. हे कसं दिसतं ते मला कळतं, पण पैसे आगाऊ भरलेले होते आणि परत मिळणार नव्हते.

तुम्हाला वाटेल, घर पाडल्याची टोचणी लागली म्हणून ही अशा ठिकाणी जाते. नाही. घर उभं होतं तेव्हापासून मी अशा हॉटेलांत उतरते. मात्र तेव्हा मी भिंतींना हात लावत नव्हते, हे ताईचं निरीक्षण बरोबर आहे. ते कधी सुरू झालं, मला सांगता येणार नाही.

नंतर मला 1964 सालची व्हेनिसची सनद सापडली, स्मारकांच्या जतनाविषयीची. तिच्या पाचव्या कलमात म्हटलंय की समाजाच्या उपयोगी पडेल असा वापर झाला तर वास्तू जपायला मदतच होते, म्हणून असा वापर इष्ट आहे. मी लगेच ताईला पाठवलं. न वापरलेलं घर पडतंच, हेच तर मी म्हणत होते. तिने ते कलम शोधून पुढचा भाग मला उलट पाठवला: मात्र त्यासाठी वास्तूची मांडणी आणि सजावट बदलता कामा नये. खाली आमच्या खोलीतल्या अर्ध्या फुलाचा फोटो. तो मीच तिला दिला होता.

हल्ली ती म्हणते, परत येईन तुझ्याबरोबर, पण लिफ्ट असेल तरच. तशी एक जागा मी शोधली आहे. तिथे लिफ्ट बसवताना मूळचा जिना काढून टाकलाय. मला ते बघवणार नाही, आणि तिचं म्हणणं, गुडघे माझे आहेत, जिना तुझा नाही. अजून बुकिंग केलेलं नाही.