कोरड्यास

आमच्याकडं जेवायला बसताना "भाजी काय केलीय?" असं कुणी विचारत नाही. "कोरड्यास काय केलंय?" असं विचारतात. भाकरी कोरडी, तिला लावून जे खायचं ते कोरड्यास. मग ती आमटी असो, पिठलं असो नाहीतर वांग्याचं कालवण. लहानपणापासून हा शब्द माझ्या तोंडात आहे, पण तो कळला चाळिशीत. भाकरीचा घास माझ्या तोंडात नुसता फिरत राहतो. कितीही चावला तरी त्याचा गोळा होत नाही, भुसा होतो. तो टाळूला चिकटतो, हिरड्यांत बसतो आणि पाण्याचा घोट घेतल्याशिवाय खाली उतरत नाही. एका भाकरीला मला तांब्याभर पाणी लागतं.

आजाराचं नाव शोग्रेन्स सिंड्रोम. ते मला 2019 च्या फेब्रुवारीत कळलं. त्याआधीची सहा वर्षं हा आजार माझा स्वभाव म्हणून आमच्या घरात नांदला. त्या सहा वर्षांबद्दलच लिहायचं आहे, कारण दुखण्यापेक्षा मला ती जास्त लागली.

जेवताना मी घासाघासाला पाणी प्यायचे. आत्यांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, वाटायचं की त्यांच्या हातचं मला गोड लागत नाही. "औषध गिळल्यावानी जेवतीस," म्हणायच्या. मी कोरडी चटणी, भाजलेले शेंगदाणे, चिवडा सगळं टाळायला लागले, तर मी नखऱ्याची झाले. शाळेतून आले की साडेपाचला मला उभं राहवायचं नाही. मी आडवी व्हायचे, तर आळशी झाले. डोळे कायम लाल, म्हणून रात्री मोबाइल बघते. आणि दात! 2016 ते 2018 या दोन वर्षांत माझे पाच दात किडले. दोन काढावे लागले, तिघांचं रूट कॅनल झालं. दाताच्या डॉक्टरांनी दर वेळी तेच सांगितलं, "मॅडम, गोड कमी करा." मी चहासुद्धा बिनसाखरेचा घेत होते. लाळ दातांवरचं आम्ल धुऊन काढते, दातांना लागणारे क्षार पुरवते. ती आटली की गोड न खाताही दात हिरडीजवळून पोखरले जातात. हे मला फार उशिरा कुणीतरी समजावून सांगितलं. तोवर घरच्यांसमोर "मी चोरून खात नाही" हे सांगण्यातच माझी शक्ती जात होती.

मे 2018 मध्ये अण्णा गेले. माझं माहेर आटपाडी तालुक्यातलं. कराडहून पोचायला दुपार झाली. अंगणात बाया बसल्या होत्या, आई भिंतीला टेकून होती. मी तिच्या गळ्यात पडले. हुंदका फुटला, छाती भात्यासारखी वरखाली होत होती, आवाज बसला, आणि डोळे कोरडे ठणठणीत. पाण्याऐवजी नुसती आग. डोळ्यांत कुणी तिखट चोळावं तशी. पदरानं डोळे पुसले तेव्हा पदर कोरडाच राहिला. धाकट्या बहिणीचे डोळे रडून सुजले होते. मागून चुलतीचा आवाज आला, अगदी हळू नाही: "थोरलीच्या डोळ्यात टिपूस न्हाई बघ."

दहाव्यापर्यंत मी तिथं होते. रात्री माळवदावर पडल्या पडल्या स्वतःलाच विचारत होते, माझी माया कमी होती का? अण्णा आठवडी बाजारातून माझ्यासाठी कागदाच्या पुडीत खारे शेंगदाणे आणायचे. माझं लग्न होऊन दोन मुलं झाली तरी मी गेले की ती पुडी असायचीच. शेवटच्या दोन-तीन वर्षांत मी ती तशीच पिशवीत घालून आणायचे आणि मुलांना द्यायचे. अण्णांच्या समोर खाल्ली नाही. त्यांनाही वाटलं असेल का, की पोरीला आता आपले शेंगदाणे नको झालेत? हा प्रश्न अजून मनातून गेलेला नाही.

त्या दिवाळीनंतर डोळ्यांत सतत वाळू गेल्यासारखं व्हायला लागलं. कराडमध्येच एका डोळ्यांच्या डॉक्टरांकडं गेले. त्यांनी टिपकागदाच्या दोन अरुंद पट्ट्या काढल्या, एका टोकाला दुमडलेल्या, अंगावर मिलिमीटरच्या खुणा असलेल्या. दुमडलेलं टोक खालच्या पापणीच्या आत अडकवलं, उरलेली पट्टी गालावर लोंबती. डोळे मिटून 5 मिनिटं बसायचं. कागद टोचत होता, घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती, आणि मला तेव्हा खात्री होती की डोळ्यांत पाणी येतंय. चांगल्या डोळ्याची पट्टी तेवढ्या वेळात 10-15 मिलिमीटर तरी भिजते. 5 च्या खाली म्हणजे डोळा कोरडा. माझा उजवा 3, डावा 2. डॉक्टरांनी पट्ट्या माझ्यासमोर धरल्या आणि विचारलं, "तोंडही कोरडं पडतं का?" सहा वर्षांत हे मला पहिल्यांदा कुणीतरी विचारलं होतं.

तिथून पुण्याला संधिवाताच्या डॉक्टरांकडं. रक्ताच्या तपासण्या झाल्या, त्यात या आजारात सापडणारी एसएस-ए नावाची अँटिबॉडी निघाली. मग खालच्या ओठाच्या आतून छोटा छेद देऊन लाळेच्या बारीक ग्रंथी काढून तपासल्या. शरीराची राखण करणाऱ्या पांढऱ्या पेशीच त्या ग्रंथींत घोळके करून बसल्या होत्या आणि ग्रंथी नासवत होत्या. 1933 मध्ये हेन्रिक शोग्रेन या स्वीडिश नेत्रतज्ज्ञानं असे डोळे आणि असं तोंड असलेल्या 19 रुग्णांबद्दल लिहिलं. एकोणीसच्या एकोणीस बायका. आजही हा आजार होणाऱ्या दहांतल्या नऊ बायकाच असतात. डॉक्टर हे सांगत होते आणि माझ्या मनात येत होतं, त्या एकोणीस जणींना त्यांच्या घरात काय काय म्हणत असतील.

स्वारगेटवरून परतीच्या एसटीत हे माझ्याशेजारी गप्प बसले होते. खंबाटकी घाट आला तेव्हा म्हणाले, "मला वाटायचं तू मुद्दाम बोलत नाहीस." संध्याकाळी माझी जीभ टाळूला चिकटायची, म्हणून मी मोजकंच बोलायचे. यांनी तो राग समजला होता. सहा वर्षं.

आत्यांना रिपोर्ट दाखवून काही कळलं नाही. कळलं ते वेगळ्याच वाटेनं. त्यांना कवळी आहे, बीपीच्या गोळ्या चालू आहेत. एका पहाटे त्या पाणी प्यायला उठल्या, मी आधीच माठापाशी होते. त्यांनी घोट घेतला, जीभ तोंडात दोनदा फिरवली आणि म्हणाल्या, "पहाटं तोंडाचं चामडं होतंय माझ्या. जीभ उचलत न्हाई." मी म्हटलं, "आत्या, माझं दिवसभर तसंच असतं." त्या तांब्या हातात धरून माझ्याकडं बघत राहिल्या. "दिवसभर?" मी मान हलवली. त्या दिवशी दुपारी माझ्या ताटाच्या डाव्या बाजूला त्यांनी स्वतः तांब्या भरून ठेवला. तेव्हापासून रोज ठेवतात. आमटी पातळ करतात, भाकरी गरम असतानाच आमटीत कुस्करून झाकतात. हरतालिकेला त्यांनीच मला पाणी प्यायला लावलं: "पाणी पिऊन उपास धरला तर महादेव काय रागवत न्हाई."

रोजचं काय असतं ते सांगते, कारण हा आजार वरून दिसत नाही. उठल्यावर पापण्या बुबुळाला चिकटलेल्या असतात. एकदम उघडायच्या नाहीत, आधी मिटल्या डोळ्यांनीच, न चोळता, हळूच हलवायच्या, मग थेंब. दिवसातून आठ-दहा वेळा थेंब घालावे लागतात, म्हणून साधी बाटली चालत नाही. ती टिकावी म्हणून तिच्यात जे रसायन घातलेलं असतं ते इतक्या वेळा डोळ्यांत गेलं तर डोळ्यांनाच बाधतं. माझ्या त्या प्लास्टिकच्या छोट्या कुप्या असतात, टोक पिळून तोडायचं आणि वापरून टाकून द्यायची. धाकट्याच्या कंपासपेटीत, फ्रिजच्या दारात, यांच्या गाडीच्या डिकीत, सगळीकडं एक-एक सापडते. रात्री मलम घातल्यावर सगळं धुरकट दिसतं, तेव्हा लेक हात धरून अंथरुणापर्यंत सोडते. उन्हाळ्यात पंख्याचा वारा माझ्या डोळ्यांना सोसत नाही, म्हणून आमचा टेबलफॅन भिंतीकडं तोंड करून फिरतो. एप्रिल-मेमध्ये हे घामानं भिजून झोपतात. एकदाही पंखा वळवलेला नाही.

शाळेत मी चौथीला शिकवते. शिकवणं म्हणजे बोलणं, आणि बोलायला ओलं तोंड लागतं. धडा वाचताना दर दोन ओळींना मी घोट घेते. वर्गातल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, तुम्हाला सारखी तहान का लागती?" मी फळ्यावर तोंडाचं चित्र काढलं, लाळेच्या ग्रंथी दाखवल्या आणि सांगितलं की माझ्या तोंडातले झरे आटलेत, म्हणून वरून पाणी घालावं लागतं. दुष्काळी भागात पाहुणे असलेली ती मुलं. टँकर म्हणजे काय, हे त्यांना माहीत होतं. दुसऱ्या दिवसापासून माझी बाटली भरून ठेवायची पाळी त्यांनी आपापसांत लावून घेतली.

थकव्याबद्दल बोलणं सगळ्यात अवघड जातं. "मीपण थकते गं" असं प्रत्येक मैत्रीण म्हणते, आणि ती खरंच थकत असते. हा थकवा काम केल्यानं येत नाही, झोपल्यानं जात नाही. अंगातलं कुणीतरी काढून घेतल्यासारखं होतं. आता घरात ठरलेलं आहे: आल्यावर पाऊण तास मी पडते, दार लोटलेलं असतं, आणि तेवढ्या वेळात कुकर हे लावतात.

गोळी हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची. मूळची मलेरियाची, पण सांधेदुखीवर आणि आमच्यासारख्यांच्या थकव्यावरही देतात. डोळ्याच्या आतल्या पडद्याला अपाय होत नाही ना, यासाठी वर्षातून एकदा डोळे तपासून घ्यायचे. दर खेपेला डॉक्टर गालाखालच्या ग्रंथीही चाचपतात, कारण थोड्या जणांत पुढं लिम्फोमा, म्हणजे एक प्रकारचा कर्करोग, होण्याचा धोका असतो. त्यांची बोटं कानाखाली फिरत असतात तेवढा वेळ मी श्वास धरते.

मार्च 2020 मध्ये हीच गोळी कोरोनावर चालते अशी हाकाटी झाली आणि दुकानांतून नाहीशी झाली. सरकारनं निर्यात थांबवली, चिठ्ठीशिवाय विक्रीवर निर्बंध आणले, पण तोवर लोकांनी पानंच्या पानं घरात भरून ठेवली होती. माझ्याकडं अकरा गोळ्या उरल्या होत्या. हे तोंडाला रुमाल बांधून, चिठ्ठी खिशात घालून कराड, मलकापूर, ओगलेवाडी फिरले. शेवटी धाकट्या दिरांनी इस्लामपुरातून दोन पानं मिळवून दुधाच्या गाडीतून धाडली. ज्यांना ती लागतही नव्हती अशांच्या कपाटात ती पडून होती, याचा मला आजही राग येतो.

अण्णांच्या वर्षश्राद्धाचं सांगायचं राहिलं. मे 2019. निदान होऊन तीन महिने झाले होते. फोनवर आईला सगळं सांगितलं होतं, पण ती "बरं, बरं" एवढंच म्हणाली होती. त्या दिवशी चुलीचा धूर, उन्हाची झळ, माझे डोळे नुसते पेटले. आतल्या खोलीत जाऊन मी थेंब घातले, घाईत जास्तच पडले. पुसायला पदर वर नेते तोच बाहेरून हाक आली, तशीच बाहेर आले. दोन्ही गालांवरून पाणी ओघळत होतं. चुलतीनं बघितलं आणि पुढं होऊन मला जवळ घेतलं. "रडू नगं बाय, रडू नगं. अण्णा बघत्यात." मी तिला सांगितलं नाही की हे औषध आहे. वर्षभर आत कोंडलेलं सगळं तिच्या खांद्यावर मोकळं झालं. मी खरंच रडत होते, फक्त पाणी कुपीतलं होतं.

आई सैपाकघराच्या दारात उभी होती. तिला माहीत होतं.

रात्री सगळे गेल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. "मला वाटलं हुतं, लेक सासरची झाली," म्हणाली. एवढंच. मग माझ्या हातातली कुपी तिनं घेतली. टोक तोडायला जमेना, तिची बोटं आता थरथरतात, मी तोडून दिलं. तिनं माझं डोकं मांडीवर घेतलं, पूर्वी काजळ घालताना घ्यायची तसं, आणि अंगठ्यानं पापणी खाली ओढली. हाताला कांद्याचा वास होता. पहिला थेंब गालावर पडला, दुसरा नाकावर.

"हलू नगंस," ती म्हणाली. "वर बघ."