परत पेरलेलं गवत

“एवढी काळी जमीन, अन् गवत राखलंय?” गाडीतून उतरताच आबांनी विचारलं.

नेब्रास्कातल्या लिंकनहून दक्षिणेला तासाभरावर बिॲट्रिस गाव आहे. त्याच्या बाहेर होमस्टेड नॅशनल हिस्टॉरिकल पार्क. बार्शीकडे जन्मभर शेती केलेले आबा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते, आणि मला त्यांना हीच जागा दाखवायची होती.

इथला वाहनतळ मुद्दाम बरोबर एक एकराचा आखलाय. आबांनी तो नजरेनं मापला. म्हटलं, “आबा, असे 160 एकर सरकार जवळजवळ फुकट द्यायचं.” 1862 च्या होमस्टेड कायद्याची अट एवढीच, की घर बांधायचं, पाच वर्षं राहायचं, जमीन कसायची. शुल्क सगळं मिळून 18 डॉलर. अंमल सुरू झाला 1 जानेवारी 1863 ला, आणि त्याच दिवशी डॅनिएल फ्रीमननं ज्या जमिनीवर दावा लावला, तीच ही. ओटो-मिसुरिया या मूळ रहिवासी लोकांची ही भूमी 1854 च्या करारानं आधीच काढून घेतलेली होती, हे ऐकून आबा बराच वेळ बोलले नाहीत.

दुसरीकडून इथं आणून ठेवलेलं 1867 चं एक लाकडी घर आहे, 14 बाय 16 फुटांचं. पामर कुटुंबानं त्यात दहा मुलं वाढवली. आबा दारातून वाकून आत गेले, भिंतीतल्या ओंडक्यांमधल्या फटी बोटानं चाचपल्या. “दोन खणांचं घर,” म्हणाले, “अन् बाहेर बर्फ.”

मग गवतात शिरलो. सप्टेंबरात बिग ब्लूस्टेम माणसाच्या डोक्यावर जातं. तांबूस, कडक काड्या, टोकाला तीन फाटे, अगदी कोंबडीच्या पायासारखे. मुळं पार आठ-दहा फूट खोल. नांगरानं ती तोडली, वर्षानुवर्षं पिकं घेतली, आणि माती झिजत गेली. 1939 पासून इथं पुन्हा देशी गवत पेरलं. आज असं शंभरेक एकर आहे. झाडझुडूप माजू नये म्हणून ते अधूनमधून ठरवून जाळतात. आबांनी आयुष्यभर शेतातला कुंदा, म्हणजे चिवट तणगवत, खणून काढला. गवत पेरायला सरकार पैसे खर्चतं, हे त्यांना आधी पटेना. पण मी मातीचं सांगितलं तेव्हा मान हलली. 1972 च्या दुष्काळानंतर पहिल्याच पावसात बांध फुटून माती ओढ्याला गेलेली त्यांनी पाहिलीय.

पायवाटेच्या कडेला कुठल्याशा घुशीसारख्या प्राण्यानं माती उकरून ढीग केला होता. आबा उकिडवे बसले. मूठभर माती घेऊन दाबली, गोळा झाला. बोटानं टोचला, फुटला.

“वाफशावर आहे, पेरणीजोगी,” म्हणाले. मग ती माती त्यांनी परत ढिगावर ठेवली आणि हळूच थोपटली.