तुम्ही विचारलंत म्हणून: गाडी घेऊन लडाखला कधी जावं?

विचारणारे बहुतेक सोलापूरच्या नवी पेठेतल्या आमच्या दुकानात येणारे. चादरींचा ढीग उलगडून झाला, भाव खाली-वर करून झाला, की गल्ल्यामागच्या बर्फातल्या गाडीच्या फोटोकडे बघत म्हणतात, "मॅडम, आपली गाडी घेऊन लडाखला जायचंय. कधी जावं?" त्यांना महिन्याचं नाव हवं असतं, तेही बिल होईपर्यंत. बरीच वर्षं मी "सप्टेंबर" म्हणून मोकळी होत असे. हल्ली तसं होत नाही. मग लोक म्हणतात, "का ओ मॅडम, तुम्हीच तर सगळ्यांना सप्टेंबर सांगत होता." सांगत होते. आजही कदाचित तेच सांगेन, पण त्याआधी बरंच काही ऐकून घ्यावं लागेल.

मे महिन्याचं आधी मिटवू, कारण मनातून तुम्हाला मेच हवा असतो. कळतं मला. सोलापुरात पारा 43-44 वर, पोरांची शाळा बंद, कूलरमधलं पाणी दुपारीच संपलेलं आणि फोनवर कुणीतरी बर्फात उभं राहून हसतंय. राष्ट्रीय महामार्ग 52 तर आपल्या गावावरून धुळे, इंदूर, कोटा, जयपूर करत थेट पंजाबातल्या संगरूरला जातो. सुटावं असं वाटणारच. पण मेमध्ये 'मनाली-लेह रस्ता सुरू' अशी बातमी येते, तिचा अर्थ एवढाच की सीमा रस्ते संघटनेच्या माणसांनी बर्फ कापून गाडी जाईल एवढी वाट केली. दोन्ही बाजूंना टपापेक्षा उंच भिंती, खाली रात्री गोठलेलं पाणी, वाहतूक बऱ्याचदा एकेरी. काही वर्षी मे संपेपर्यंत तेवढंही होत नाही. श्रीनगरकडून गेलं तर 'झोजीला' हा घाट 3,528 मीटरचाच, तो लवकर मोकळा होतो. पुढचा फोतूला 4,108 चा. मेचाच हट्ट असेल तर तिकडून जा, असं मी सांगते. ते कुणाला नको असतं. फोटो मनालीकडचे पाहिलेले असतात.

"आता काय, बोगदा झालाय की!" हे दुसरं. अटल बोगदा 3 ऑक्टोबर 2020 ला सुरू झाला, नऊ किलोमीटरचा आहे, आणि त्यानं मनालीच्या वरच्या रोहतांग घाटाची कटकट संपवली. एकट्या रोहतांगची. पुढचे घाट, म्हणजे बारालाचा, नकीला, लाचुंगला, तांगलांगला, अजून उघड्यावरच आहेत. तांगलांगला 5,328 मीटरवर आहे आणि आपण राहतो साधारण साडेचारशेवर. वर हवेचा दाब जवळपास निम्मा होतो. तो कुठल्याही महिन्यात निम्माच. मनालीकडून चढताना शरीर तयार व्हायच्या आत सर्चूला 4,290 मीटरवर मुक्काम पडतो. तिथं रात्रभर डोकं ठणकणं, उलट्या, झोप नाही, हे अगदी नेहमीचं. श्रीनगरकडून आधी कारगिल येतं, 2,700 च्या आत, मग लेह 3,500. म्हणून महिना कुठलाही असो, श्रीनगरकडून चढा आणि मनालीकडून उतरा, हे माझं मत पक्कं आहे. यावर माझ्याशी कुणी वाद घालत नाही, कारण हे कुणी विचारतच नाही.

जूनचे वकील आमच्या घरातच आहेत, म्हणजे आमचे हे. दिवस मोठा, ढाबे उघडलेले, वर भरपूर बर्फ आणि रस्ता बऱ्यापैकी मोकळा, असा त्यांचा युक्तिवाद. खोटा नाही. पण तो बर्फ वितळून कुठं जातो? रस्त्यावरच्या नाल्यांत. सकाळी सहाला घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारी तीनला गाडीचं दार गाठतं आणि तळाशी धोंडे गडगडत असतात, कारण वरचा बर्फ दिवसभर उन्हात सुटत राहतो. पहाटे निघून नाले ओलांडले की प्रश्न नाही, असं हे म्हणतात. यांना पहाटे उठवायचं कुणी, हा आमच्यातला जुना वाद आहे आणि त्याचा लडाखशी संबंध नाही.

जुलै-ऑगस्टबद्दल आपल्याला कुणी शिकवायला नको. 'लेह पर्जन्यछायेत आहे, तिथं पाऊस पडतच नाही' असं सांगणारे भेटतात. अहो, आपणही पर्जन्यछायेतलेच. सह्याद्रीनं अडवून उरलेलं आपल्या वाट्याला येतं, आणि तरी एखाद्या रात्री दोन तासांत घरात पाणी शिरतं की नाही? लेहमध्ये ऑगस्ट 2010 मध्ये ढगफुटी झाली, दोनशेच्या वर माणसं गेली. कोरड्या गावातली मातीची घरं, मातीचे डोंगर, सगळं वाहून आलं. आणि लेह कोरडं राहिलं तरी तिथवर पोचायला मंडी-कुल्लू ओलांडावं लागतं, तिथं छाया-बिया काही नाही. जुलै 2023 मध्ये बियास नदीनं मनालीचा रस्ता ठिकठिकाणी नेला.

अशी एकेक फुली मारत गेलं की उरतो सप्टेंबर. आकाश निवळलेलं, नाल्यांचं पाणी उतरलेलं, रस्त्याची डागडुजी झालेली, शेतात जव पिवळा. मी एके काळी वहीत कोष्टक करून ठेवलं होतं आणि गिऱ्हाइकांना त्याच्या झेरॉक्स वाटल्या होत्या. सप्टेंबरच्या रकान्यात एकच शब्द: 'निर्धास्त'.

2018 साली आम्ही त्या निर्धास्त महिन्यात निघालो. मी, हे आणि धाकटे भाऊजी. मुलगी शाळेमुळे सासूबाईंजवळ राहिली. आमच्या घरी गौरी असतात, त्यांचं विसर्जन झाल्याशिवाय मला उंबरा ओलांडता येत नाही आणि ओलांडावासाही वाटत नाही. निघायच्या आदल्या दिवशी मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोजचा मुक्काम लिहिला, म्हणजे सासूबाईंना कळावं. भाऊजींची रजा बँकेत एक दिवस उशिरा मंजूर झाली. आम्ही एक दिवस मागे पडलो. कॅलेंडरवरचं बदलायचं राहिलं.

तेव्हा बोगदा झालेला नव्हता. रोहतांग उतरून तांदीजवळच्या एका गावात संध्याकाळी थांबलो, चंद्रा आणि भागा नद्या मिळतात त्याच्या जरा अलीकडे. पाऊस भुरभुरत होता. ज्या घरात उतरलो, तिथल्या मालकीणबाई खिडकीतून सारख्या आभाळाकडे बघत होत्या. रात्री कधीतरी पावसाचा आवाज थांबला. मला वाटलं उघडलं. बाहेर बर्फ पडत होता, आणि थोड्या वेळानं अंधारात काहीतरी मोडल्याचा आवाज आला, मग आणखी एक.

ती सफरचंदाची झाडं होती. हिवाळ्यात बर्फ पडतो तेव्हा झाड उघडं असतं, काटक्यांवर किती साठणार? सप्टेंबरात पानं जागेवर, कितीतरी फळं अजून फांद्यांवर. पानापानावर बर्फ धरून राहतो आणि फांदी बुंध्यापासून चिरत खाली येते. मालकीणबाई, त्यांचा मुलगा आणि आम्ही तिघं काठ्या घेऊन झाडं झोडपत सुटलो. त्या ओरडून सांगत होत्या, खालून मारा, वरून नको, वरून मारलं तर फळ पडतं. मला ते जमेना. एका झाडाचा बर्फ पाडून दुसऱ्याकडे जावं तोवर पहिलं पुन्हा भरलेलं. हातमोजे भिजले, बोटं कळेनाशी झाली, भाऊजींना धाप लागली म्हणून त्यांना आत पाठवलं. उजाडलं तेव्हा निम्मी बाग उभी चिरलेली होती. बाईंनी आधी चुलीवर चहा ठेवला, मग बाहेर जाऊन प्रत्येक झाडापाशी उभ्या राहून आल्या. रडल्या-बिडल्या नाहीत. आम्ही मात्र आमच्या बुडालेल्या सहलीबद्दल आपसात कुरकुरत होतो, ते त्यांना मराठीतून कळलं नसावं अशी अजून आशा आहे.

मागं रोहतांग बंद, पुढं बारालाचा बंद. वीज गेली, फोन गेले. हेलिकॉप्टरं येऊन लोकांना काढतायत असं कानावर येई. भाऊजींची रजा संपत होती. काहीजण रोहतांग पायी ओलांडतायत असं ऐकल्यावर त्यांनी तोच घोषा लावला. मी नको म्हटलं. बरंच बोललो एकमेकांना, तीन माणसं एका शेगडीभोवती बसून जेवढं बोलू शकतात तेवढं. त्यातलं इथं लिहीत नाही.

आणि त्याच दिवसांत, वेळ जावा म्हणून असेल, मी मालकीणबाईंना विचारलं, इकडं यायला चांगला महिना कुठला? हो, तुमचाच प्रश्न. त्या म्हणाल्या, सप्टेंबर. तेव्हा सफरचंदं असतात.

शेवटी कुणाच्या तरी फोनवरून सोलापूर लागलं. सासूबाईंनी विचारलं, "कुठं आहेस?" मी म्हटलं, तांदीला. त्या म्हणाल्या, "कॅलेंडरवर सर्चू लिहिलंय." मी पुन्हा सांगितलं. त्या पुन्हा म्हणाल्या, "सर्चू लिहिलंय गं." टीव्हीवर 'पर्यटक अडकले' अशी पट्टी फिरत होती आणि त्यांच्या हिशेबात आम्ही इतके दिवस साडेचार हजार मीटरच्या आसपास तंबूत होतो. हिशेब खरा होता. रजा वेळेवर मिळाली असती तर तिथंच असतो.

परत आल्यावर मी त्यांना समजावायला गेले. सप्टेंबरात असा बर्फ क्वचित पडतो, बाकीच्या महिन्यांत धोका जास्त, तुलनेनं पाहिलं तर आमची निवड बरोबर होती, वगैरे. भाजी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "आकडे मला सांगू नकोस. मला फोन लागत नव्हता." यावर माझ्याकडे तेव्हाही उत्तर नव्हतं. भाऊजी दिवाळीपर्यंत माझ्याशी नीट बोलले नाहीत. ते मात्र मला अन्यायाचं वाटतं. आभाळ काही मी फाडलं नव्हतं.

तर निवड चुकली का? मी नाही म्हणते. आज तोच महिना, तेच अंदाज समोर ठेवले तर पुन्हा तिकडेच बोट ठेवीन. पण ती झेरॉक्स काढणारी बाई आज दुकानात आली तर तिला विचारीन, 'निर्धास्त' कुणासाठी लिहिलंस? गाडीत बसणाऱ्यांसाठी की घरी कॅलेंडर बघत बसणारीसाठी? ती म्हणेल, मग काय लिहायचं होतं? हातात जास्तीचे दिवस ठेवा, असं लिहायला हवं होतं, मी सांगेन. ती हसेल. सोलापुरात कुणाकडे असतात जास्तीचे दिवस? बँकेत? दुकानात? खरं आहे. ज्याच्याकडे पाच-सहा मोकळे दिवस शिलकीला आहेत, त्याला जूनही चालतो आणि सप्टेंबरही. ज्याची रजा दिवस मोजून मिळालेली आहे, त्याला कुठला महिना सांगू, मला कळत नाही. मेच सांगावा, म्हणजे निदान श्रीनगरवरून तरी जाईल, असंही एकदा वाटून गेलं.

दिवाळीच्या सुट्टीचं विचारू नका. तोवर वरचे तंबू उठलेले असतात, आणि इथं टाकीत भरलेलं आपलं साधं डिझेल तिकडच्या थंडीत घट्ट होऊ लागतं. लडाखसाठी उणे 33 अंशांपर्यंत चालणारं वेगळं डिझेल 2019 मध्ये काढावं लागलं ते उगाच नाही.

राहता राहिला गौरींचा प्रश्न, जो फक्त माझा आहे, पण तुमच्यापैकी बऱ्याच जणींचाही असेल. 2018 ला अधिक महिना होता म्हणून गणपती 13 सप्टेंबरला आले आणि आम्ही उशिरा निघालो. 2025 ला ते 27 ऑगस्टलाच होते. मी खूश होते, सप्टेंबरचा पहिला आठवडा मोकळा! तर ऑगस्टच्या अखेरीस बियासनं पुन्हा मनालीचा रस्ता तोडला. सप्टेंबरच्या शेवटी जाऊ म्हटलं, तर सीनेला असा पूर आला की पुण्याचा महामार्गच बंद पडला. लडाख राहू दे, मोहोळ गाठायची मारामार.

2026 ला पुन्हा अधिक महिना आहे, गणपती 14 सप्टेंबरला. हे म्हणतात, जूनमध्ये जाऊ, पहाटे उठतो. सासूबाई म्हणतात, जा, पण कॅलेंडरवर लिहू नकोस. भाऊजी येणार नाहीत. मी अजून काही ठरवलेलं नाही, आणि तुम्ही दुकानात येऊन विचारलंत तर बहुधा "सप्टेंबर"च म्हणेन.