रविवारी रात्री साडेआठला

गेल्या वर्षी जानेवारीत वहीच्या पहिल्या पानावर मी लिहिलं : ५२ माहितीपट, आठवड्याला एक. रोज रात्री मोबाईलवर अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे व्हिडिओ बघण्यात तास-दीड तास जायचा आणि सकाळी त्यातलं एकही आठवायचं नाही. याची मला मनापासून लाज वाटायला लागली होती. आमचं घर साताऱ्यात, शाहूपुरीत. मी बँकेत, हे एमआयडीसीत शिफ्टला, मुलगा नववीत, आणि सासरे, आप्पा, आमच्याकडेच असतात.

सुरुवातच चुकली. जगातले सगळ्यात गाजलेले माहितीपट आधी संपवायचे, असं मी ठरवलं आणि पहिल्याच आठवड्यात 'नाइट अँड फॉग' लावला. अ‍ॅलाँ रेने यांचा, नाझी छळछावण्यांवरचा. फक्त ३२ मिनिटांचा. युद्धानंतर दहा वर्षांनी ओस पडलेल्या छावण्या त्यात रंगीत दिसतात, आणि मध्येमध्ये त्या काळातली कृष्णधवल दृश्यं येतात. हिरवंगार गवत, तारेचं कुंपण, आणि लगेच मढ्यांचे ढीग. मी एकटीनं, सगळे झोपल्यावर बघितला. पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा लागला नाही. तशाच जड विषयावरचे आणखी दोन त्याच आठवड्यात बघितले आणि नंतर तीन आठवडे वहीला हातसुद्धा लावला नाही.

मग दोन गोष्टी बदलल्या. एक, एकटीनं बघायचं नाही. रविवारी रात्री साडेआठला, जेवणं आटपून, बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीवर लावायचा. ज्याला बसायचं त्यानं बसावं, मोबाईल मात्र स्वयंपाकघरात ठेवून यायचं. दुसरी, एक जड झाला की पुढचा हलका आणि आखूड निवडायचा. वहीत तीनच ओळी लिहायच्या : नाव-साल, डोळ्यांसमोरून न हटणारं एक दृश्य, आणि पडलेला एक प्रश्न. मत लिहायचं नाही, हे मी मुद्दाम ठरवलं. मत लिहायला बसलं की माणूस बघायच्या आधीच वाक्यं जुळवायला लागतो.

मुलगा पहिल्यांदा पूर्ण वेळ बसला तो 'नानूक ऑफ द नॉर्थ'ला. १९२२ चा मूकपट, कॅनडाच्या उत्तरेकडच्या इनुइट कुटुंबावरचा. रॉबर्ट फ्लाहर्टीनं आधी चित्रित केलेली फिल्म आगीत जळाली, म्हणून तो पुन्हा जाऊन नव्यानं सगळं चित्रित करून आला. बर्फाचं घर बांधतानाचा प्रसंग बघून मुलगा टाळ्या वाजवत होता. नंतर मी वाचून सांगितलं, की आत उजेड पुरेना म्हणून ते घर एका बाजूनं उघडं ठेवलं होतं, आणि नानूकचं खरं नावही वेगळं होतं. तो एकदम रुसलाच. "मग हे खोटंच की आई!" त्यावर आमचं तासभर चाललं. बर्फ खरा, थंडी खरी, हात खरे. मांडणी मात्र केलेली. माझ्या मते ते खोटं नाही, पण बघणाऱ्याला सांगायला हवं होतं. मुलाला ते अजून पटलेलं नाही आणि मला त्याचा हट्ट आवडतो.

आपल्याकडची सुरुवात तर त्याहून जुनी निघाली. सावेदादा म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी १८९९ साली मुंबईत हँगिंग गार्डनला कुस्ती चित्रित केली होती. खाशाबांच्या जिल्ह्यात राहून मला हे माहीत नव्हतं.

इंग्रजी सबटायटल्स ही आमची मोठी अडचण. आप्पांचं शिक्षण जुन्या सातवीपर्यंतचं. सुरुवातीला ते दहा मिनिटं बसायचे आणि उठून जायचे. मग मी मोठ्यानं वाचून मराठीत सांगायला लागले, गरज पडली की थांबवून. तेव्हापासून आमच्या सगळ्या माहितीपटांना दीडपट वेळ लागतो, पण मला कधी त्याचा कंटाळा आला नाही. आनंद पटवर्धनांच्या 'जय भीम कॉम्रेड'ला मला तोंड उघडावं लागलं नाही, कारण तो बराचसा मराठीतच आहे. १९९७ साली घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण गेले आणि लोकशाहीर विलास घोगरे यांनी त्या दुःखात जीव दिला, तिथून तो सुरू होतो. तो पूर्ण व्हायला चौदा वर्षं लागली. तीन तासांहून मोठा असल्यानं आम्ही तो दोन रविवारी बघितला. शाहिरी सुरू झाली की आप्पांचा हात आपोआप मांडीवर ठेका धरायचा, आणि पुढचं दृश्य आलं की तोच हात तिथंच थांबायचा.

'हनीलँड' मला सगळ्यांत जवळचा. उत्तर मॅसिडोनियातल्या डोंगरात मधमाश्या पाळणारी हातिजे, घरात अंथरुणाला खिळलेली म्हातारी आई. मध काढताना ती माश्यांना सांगते, अर्धं तुम्हाला, अर्धं मला. शेजारी राहायला आलेलं कुटुंब तो नेम मोडतं आणि पुढं तिची पोळी कशी जातात ते बघवत नाही. तिची भाषा कळत नसतानाही दिग्दर्शक तीन वर्षं तिच्याकडं येत-जात राहिले. त्यांनी ४०० तासांहून जास्त चित्रण केलं, आणि संकलनाला बसल्यावरही आधी नुसत्या चित्रांवरून गोष्ट लावली. आप्पा म्हणाले, "आमच्यात पण पोळं सगळं काढत न्हाईत. मागं ठेवायचंच." आप्पांचं गाव पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात. पोळं काढणाऱ्यांबरोबर ते लहानपणी रानात जायचे, हे मला त्या रात्री कळलं.

पावसाळ्यात मी फिल्म्स डिव्हिजनच्या जुन्या फिल्म्सकडं वळले. ही सरकारी संस्था १९४८ ची. पूर्वी थेटरात मुख्य सिनेमाआधी तिची समाचार चित्रं दाखवणं बंधनकारक होतं. आप्पांनी ती जत्रेतल्या तंबूत बघितलेली. "नेहरू कुठंतरी धरण बघायला गेलेले, आणि आम्ही शिट्ट्या मारायचो, पिक्चर लावा म्हणून." यातल्या बऱ्याच फिल्म्स आता यूट्यूबवर फुकट बघायला मिळतात आणि पंधरा-वीस मिनिटांत संपतात. सुरुवात करणाऱ्याला मी आधी याच सुचवेन.

त्यातच 'आय अ‍ॅम ट्वेंटी' सापडला. एस. एन. एस. शास्त्री यांचा, १९६७ चा. देश स्वतंत्र झाला त्या वर्षी जन्मलेल्या मुलामुलींना, ते वीस वर्षांचे झाल्यावर, विचारलंय : तुमची स्वप्नं काय, देशाबद्दल काय वाटतं? काही उमेदीनं बोलतात, काही चक्क वैतागून. सरकारी फिल्म असूनही कुणाचं तोंड धरलेलं नाही, याचं मला फार कौतुक वाटलं. बरंचसं इंग्रजीत असल्यामुळं मी वाक्यावाक्याला थांबवून सांगत होते. आप्पा नेहमीसारखे मध्ये काही बोलले नाहीत.

संपल्यावर मुलानं विचारलं, "आजोबा, तुम्ही कितीचे?" आप्पांच्या दाखल्यावर १ जून १९४७ आहे, मास्तरांनी पोरांना शाळेत घालताना लिहायची ती तारीख. पण साल खरं आहे.

आप्पा टीव्हीकडं बघतच म्हणाले, "मला कुणी इचारलं असतं तर मी सांगितलं असतं, मुंबईला चाललोय."

मी टीव्ही बंद करायला उठले होते, ती तशीच खाली बसले. ११ डिसेंबर १९६७, सोमवार. चुलत्यांनी गिरणीत बदली कामगार म्हणून लावून द्यायचं कबूल केलं होतं. पहिली गाडी पकडून कऱ्हाडला जायचं, म्हणून आप्पा पहाटे चारलाच उठले होते. पडवीत कंदिलाच्या उजेडात ट्रंकेला सुतळी बांधत होते. चार वाजून एकवीस मिनिटांनी भूकंप झाला. कोयनेच्या त्या भूकंपात सुमारे १८० माणसं गेली, हे मी शाळेत शिकलेले होते. पण जमिनीखालून ट्रकांची रांग गेल्यासारखा आवाज आधी आला आणि हलणं नंतर सुरू झालं, हे मला आप्पांनी सांगितलं. माणसं वाचली, मागची भिंत आणि अर्धं छप्पर आत आलं. आप्पांनी ट्रंक सोडली ती सोडलीच. तिच्यातले दोन सदरे आणि चादर त्याच रात्री शेजारच्यांना पांघरायला गेली. नंतर घर उभं करण्यात दोन वर्षं गेली आणि मुंबईचं नाव कुणी काढलं नाही.

ती ट्रंक आमच्या माळ्यावर आहे. अठरा वर्षं मी तिच्यात हिवाळी गोधड्या ठेवते आणि दरवर्षी झाकण नीट बसत नाही म्हणून कुरकुरते. झाकणाच्या डाव्या कोपऱ्यावर तळहाताएवढा पोचा आहे. त्या रात्री ती खाली काढून आम्ही बघितली. आप्पांनी पोच्यावरून अंगठा फिरवला आणि एवढंच म्हणाले, "वासा पडला हुता."

वर्ष संपलं तेव्हा वहीत ४१ नावं होती. ५२ झाली नाहीत, पण यंदा नवी वही न आणता त्याच वहीत पुढं लिहितेय.

डिसेंबरात, ११ तारखेच्या आदल्या रविवारी आम्ही माहितीपट लावला नाही. मोबाईल स्टीलच्या डब्याला टेकवून उभा केला, पंखा बंद केला आणि आप्पांना ट्रंकेशेजारी बसवलं. ते थांबले की लगेच पुढचा प्रश्न विचारायची मला सवय. या वेळी मुलानं माझा हात धरून ठेवला आणि आम्ही दोघं गप्प राहिलो. एकदा तर आप्पा मिनिटभर काहीच बोलले नाहीत. नंतर जे बोलले ते आधी घरात कुणीच ऐकलेलं नव्हतं. एकूण ५२ मिनिटं झाली. ती फिल्म कुणाला दाखवायची नाही, असं त्यांनी सांगितलंय, आणि आम्ही ती दाखवणारही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बँकेत निघताना मी चप्पल घालत होते, तर आप्पा दारात येऊन उभे राहिले.

"पोरी, ते परत एकदा लावता येईल का गं? बैलांचं सांगायचं ऱ्हायलं."