तुम्ही विचारलंत म्हणून : हलव्याला काटा का येत नाही?

संक्रांत जवळ आली की ग्वाल्हेरच्या मराठी घरांतून हमखास विचारलं जातं, ‘आई करायची तेव्हा हलव्याला कसा टोकदार काटा यायचा! आमचा गुळगुळीतच राहतो. असं का?’

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आईचा हात होताच, पण ती तिळावर पाकाचा एक चमचा घातल्यावर दुसरा घालण्याआधी थांबायची, हे आपण विसरतो. काटा त्या थांबण्यातच येतो.

आधी पाक. २ वाट्या साखर, १ वाटी पाणी. उकळी आली की २ चमचे दूध घालायचं. वर करडा फेस येतो, ती मळी. ती काढून पाक पातळ फडक्यातून गाळायचा. मळी राहिली तर हलवा पिवळट दिसतो. बोटांत धरल्यावर तार येऊ पाहते आहे, इतपतच पाक हवा. घट्ट झाला तर दाणे एकमेकांना चिकटून गठ्ठे होतात, फार पातळ राहिला तर वाळता वाळत नाही. आणि लिंबू पिळू नका. लाडवांच्या पाकाची ती सवय इथे नडते. आंबटामुळे साखर दाणा धरत नाही, आणि काटा म्हणजे तरी साखरेचा दाणाच.

या पाकाला २ मोठे चमचे तीळ पुरतात. बघताना फारच कमी वाटतात, पण दाणा कितीतरी पटीने फुगतो. तीळ निवडून, जरासे कोमट करून परातीत पसरायचे. शेगडी असेल तर निखाऱ्यांवर राख ओढायची. गॅसवर करणार असाल तर बारीक ज्योतीवर जाड तवा आणि तव्यावर परात. परातीच्या तळाला बोटं सहज टेकवता आली पाहिजेत, हेच आचेचं माप.

आता छोटा चमचाभर पाक, जास्त नाही. बोटांच्या टोकांनी दाणे हलके फिरवत राहायचं; तळव्याने चोळलंत तर आलेला काटा मोडेल. ओलसर चिकटपणा जातो, दाणे मोकळे होऊन परातीत कोरडे खुळखुळतात. तो आवाज ऐकू आल्याशिवाय पुढचा चमचा घालायचा नाही. नव्वद टक्के हलवा बिघडतो तो इथे, असं मी छातीठोकपणे सांगेन. ओल्यावर ओलं पडलं की पाक सगळीकडे सारखा पसरतो आणि दाणा गोटीसारखा गुळगुळीत होतो. आधीचा थर सुकलेला असला की नवा पाक उंचवट्यावर धरतो आणि टोक वाढत जातं.

आच वाढली तर वेगळंच होतं. पाक दाण्याला चिकटायच्या आत कोरडा होतो आणि परातीत साखरेचा भुगा साचतो. भुगा थोडा होतोच, पण तो काट्यांच्या फटीत बसला की काटे बुजतात. म्हणून मधूनमधून हलवा चाळायचा. लहानपणी आपल्या सगळ्यांच्या तळहातावर जो गोड भुगा पडायचा तो हाच. आपल्याला वाटायचं आई लाडाने देते आहे. लाड तर होताच, पण चाळणं हे कामही होतं. त्याच वेळी परातही धुऊन, पुसून कोरडी करायची, नाहीतर तळाला चिकटलेली साखर तांबूस होऊन दाण्यांना लागते.

एका बैठकीत हलवा होत नाही. रोज तास-दीड तास धरला तर पहिल्या दिवशी तीळ नुसते पांढरे होतात, दुसऱ्या दिवशी खडबडीत लागतात, खरा काटा तिसऱ्या-चौथ्या दिवशी दिसतो. रात्री परात पातळ कापडाने झाकून ठेवायची. उरलेल्या पाकात सकाळी साखर बसलेली दिसली तर दोन चमचे पाणी घालून एक उकळी द्यायची.

थंडी आपल्याकडे जानेवारीत भरपूर असते, पण ती कोरडी हवी. ग्वाल्हेरला पहाटे धुकं उतरतं तेव्हा हवेत ओल असते आणि साखर ती ओढून घेते. अशा दिवशी ऊन वर आल्यावरच परात मांडा, आणि स्वयंपाकघरात डाळ शिजत असेल तर दुसऱ्या खोलीत बसा.

केशरी रंग हवा असेल तर केशर शेवटच्या चार-पाच चमच्यांच्या पाकातच घाला. बोरनहाणाच्या किंवा नव्या सुनेच्या दागिन्यांसाठी सारख्या आकाराचे दाणे आधीच निवडून वेगळे ठेवा. ते दोऱ्याच्या गाठीत बांधताना काटा बोटांनी दाबला जातो, म्हणून दाणा कडेला धरायचा. हलवा पूर्ण गार झाल्याशिवाय बरणीत भरू नका.