स्वतःचंच घर जाळणारा सरदार

काल तलावपाळीला मित्राची वाट बघत मोबाईलवर जेम्स डग्लस नावाच्या स्कॉटिश सरदाराबद्दल वाचत बसलो आणि हातातली भेळ पार मऊ पडली. बाप लंडनच्या कैदेत मेलेला, जहागीर इंग्रज राजानं क्लिफर्ड नावाच्या इंग्रज सरदाराला देऊन टाकलेली, म्हणजे सरदार फक्त नावाला. १३०६ मध्ये हा इंग्रजांशी लढणाऱ्या स्कॉटिश राजाला, रॉबर्ट ब्रूसला, जाऊन मिळाला, मग शिबंदी चर्चमध्ये गेलेली बघून आपलाच किल्ला मारला, त्यांच्यासाठी शिजवलेलं आयतं जेवण जेवले, आणि उरलेलं धान्य, दारू, कैद्यांची प्रेतं सगळं तळघरात एकत्र करून वाडा पेटवून दिला. स्वतःचा वाडा! राखायला माणसं नव्हती ना, मग शत्रूला तरी कशाला ठेवायचा. ते प्रेतांचं मात्र वाचवेना, भेळ तिथेच टाकली.

फेब्रुवारी १३१४ ला इंग्रजांच्या ताब्यातला रॉक्सबर्गचा किल्ला घेतला तो तर भारीच, अंधारात काळे झगे पांघरून रांगत गेले, पहारेकऱ्यांना वाटलं गुरं चरतायत, तोवर दोरीच्या शिड्या तटाला लागल्यासुद्धा. घरी आईला सांगितलं तर म्हणे, "आणि घोरपड?"