कर्ज फिटलं, पण सिबिलवर तसंच

आमची पारोळा तालुक्यात तीन एकर कोरडवाहू. मृगाआधी कापसाचं बियाणं-खत घरात यावं म्हणून मायक्रोफायनान्स म्हणजे गटाला छोटं कर्ज देणाऱ्या कंपनीकडे चाळीस हजार मागितले. तारण लागत नाही, पाच जणींचा गट लागतो. गट, आधार, घराची पाहणी सगळं आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आठवड्यात उरकलं.

मग गटांच्या बैठकीत कंपनीचे सर म्हणाले, "ताई, तुमच्यावर आधीच्या कंपनीचे ११,४०० बाकी दिसतायत." मी तिथल्या तिथे जुनं लोन कार्ड काढलं. शेवटच्या रकान्यात सही, शिक्का, बाकी शून्य. दोन वर्षं झाली फेडून! सर म्हणाले, कार्ड खरं असेल, पण आम्हाला सिबिलचा, म्हणजे कुणावर किती कर्ज आहे याची नोंद ठेवणाऱ्या कंपनीचा, रिपोर्टच धरावा लागतो. रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे : घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. त्यात माझा फिटलेला हप्ताही धरला गेला आणि कर्ज अडकलं. गटातली एक जण बाहेर येऊन बोलली, "माय, तुन्हामुये आमनं बी अटकनं." ते फार लागलं.

जुन्या कंपनीच्या शाखेत तीन खेपा घातल्या. प्रत्येक वेळी एका दिवसाची मजुरी बुडाली. पहिल्यांदा मॅनेजर नव्हते, दुसऱ्यांदा "वरून होईल", तिसऱ्यांदा "आठ दिवसांनी या". लेखी काही देईनात. इकडे पाऊस पडला, पेरण्या लागल्या, आणि मी कृषी केंद्रातून बियाणं उधारीवर उचललं. रोखीपेक्षा महाग पडलं ते.

शेवटी जळगावला शिकणाऱ्या भाच्याने रिपोर्ट काढला. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. आपण सरसकट सिबिल म्हणतो, पण अशा चार कंपन्या आहेत. चूक कुणाच्या रिपोर्टात आहे ते सरांना आधी विचारा, तक्रार तिथेच करायची. लोन कार्डाच्या शेवटच्या पानाचा फोटो जोडून आम्ही ऑनलाइन तक्रार टाकली. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई असा नियम आहे. चौथ्याच दिवशी जुन्या शाखेतून फोन : "ताई, तक्रार कशाला केली?" तीन खेपांत जे झालं नाही ते चोवीस दिवसांत झालं.

नव्या कर्जाचे पैसे श्रावणातल्या कानबाईच्या सणाच्या पंधरवडाभर आधी आले. कार्ड जपून ठेवलं होतं म्हणूनच आले. तुम्हीही शेवटचा हप्ता भरला की त्याच दिवशी ना-देय दाखला (काही बाकी नाही असं लेखी) मागा, नंतर कुणी ओळख देत नाही.

हो, हप्त्याचंही आधीच बोलून घ्या. पहिली वेचणी दसऱ्याच्या आसपास आणि हप्ता लगेच सुरू, हे कापूसवाल्याला जड जातं. पंधरवड्याचा नको, महिन्याचा द्या असं मी मागितलं आणि मिळाला. मधल्या महिन्यांचे हप्ते दुधावर निघतायत. कापूस विकला की मुदतीआधी फेडणार आहे, त्याला दंड लावता येत नाही.

परवा गटातल्या चौघींचे रिपोर्ट काढले. एकीचं फिटलेलं कर्ज अजून चालूच दिसतंय. तिची तक्रार सोमवारी टाकली.